मोठ्याने सांगायचं नाव

प्रिय बहीण कझाया,

मी अजून कचेरीच्या गावातच आहे, आणि पोट बिघडलं आहे. ते डुकराने बिघडलं की निवडणुकीने, हे सांगता येत नाही. दोन्ही एकाच अंगणात शिजत होती. सकाळीच उमेदवार कर्नल पेल्हमच्या गुलामांनी रमची पिंपं आणून ठेवली. वाहणाऱ्यांना मत नाही, थेंबही नाही. बाकी आपले सभ्य शेतकरी, रविवारी प्रार्थनेला पुढच्या बाकावर बसणारे, पेले घेऊन रांगेत. भिंतीशी एकजण ओकायला वाकला, तर त्याचा मेहुणा त्याची कॉलर धरून सांगत होता, "अरे, आधी मत दे, मग ओक." व्हर्जिनियात लोकांचं राज्य येतंय म्हणतात. त्याचं बारसं पाहून आलो. पाळण्यालाच वास येत होता.

तुला हे पाहायला मिळालेलं नाही, कारण जमीन तुझी असली तरी तोंड पुरुषाचं लागतं. म्हणून तर भाऊजी गेल्यावर तू ओढ्याकाठची पंचवीस एकर आणि त्यावरची झोपडी माझ्या नावावर केलीस. पोरांना लॅटिन शिकवणाऱ्या बिनजमिनीच्या मास्तराला एक मत मिळावं, आणि ते कर्नलविरुद्ध उभ्या राहिलेल्या टिल्सला पडावं. टिल्स निवडून कायदे करणाऱ्या सभेत गेला असता तर कर्नलने कुंपण घालून अडवलेली नदीच्या धक्क्याकडची वाट मोकळी करायचा अर्ज त्याने मांडला असता. नाहीतर तुझी तंबाखूची पिंपं यंदाही दलदलीतून लोटायची. गेल्या वर्षी तू कमरेपर्यंत चिखलात उभी होतीस, ते मी विसरलेलो नाही. हे वाक्य लिहिताना माझाच मला राग येतो आहे.

टेबलाशी मधे शेरीफ, दोन्ही अंगांना उमेदवार. नाव पुकारलं की पुढे जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं आपल्या माणसाचं नाव सांगायचं. ज्याचं घेतलं तो उठून आभार मानतो, ज्याचं घेतलं नाही तो लक्षात ठेवतो. लोहार हॅनिबलने टिल्सचं नाव घेतलं, तर मागून कुणीतरी म्हणालं, "आता कर्नलच्या घोड्यांना नाल कोण ठोकणार रे, तुझी सासू?" हॅनिबल वळूनही न बघता म्हणाला, "तिचे हात माझ्यापेक्षा मजबूत आहेत." तेवढा एकच माणूस मला दिवसभरात दिसला.

टिल्स पडला. एका मताने. कुणी कुणाचं नाव घेतलं ते शेरीफच्या यादीत आहे, आणि ती यादी वस्तीत पोचण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. मी घाबरलो, असं लिहिणं फार सोपं होतं. पण कर्नलने धमकी दिली नाही, काही देऊही केलं नाही. माझं नाव पुकारताच, मी तोंड उघडण्याआधीच, तो उठला, टोपी काढली आणि म्हणाला, "या मास्तरसाहेब. आम्ही अडाणी माणसं, तुम्ही म्हणाल ते शिरसावंद्य." वीस वर्षं विभक्त्या घोकवणाऱ्या माणसासाठी सगळं अंगण गप्प झालं. मी कर्नलचं नाव घेतलं, खणखणीत, उच्चारात एकही दोष नाही. त्याने आभार मानले, आणि मी, कझाया, त्याला वाकून उत्तर दिलं. तोवर टिल्स माझ्याकडे बघून हसतच होता; त्याला ऐकलेलं खरं वाटलं नव्हतं. उद्या येतो. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. तिथे तरी तुझंच मत चालतं.

तुझाच, हा शब्द खोडावासा वाटूनही न खोडलेला,
लेम्युएल