बिस्किट कुत्रीची आणि माझ्या एका खोट्याची विल्हेवाट

मी, ओलीटा हेव्हनर, कै. गारलंड हेव्हनर यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, राहणार टॅनरी रन, व्हर्जिनिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नसते असे टेट वकील म्हणाले. कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. आणू शकणारा एकमेव माणूस अकरा वर्षांपूर्वी वारला. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रागाच्या भरात केले होते, ते रद्द समजावे. या कागदाप्रमाणे सर्व व्यवस्था टेट वकिलांनी पाहावी.

कलम १. राहते घर, कोठार आणि भोवतालची सात एकर जमीन माझी मुलगी नेल्डा हिला द्यावी. नेल्डा, तू अ‍ॅक्रनला संसार थाटलास, तो मोडून इथे येऊ नकोस. विकायचे असेल तर खुशाल विक. आईचा जीव या घरात अडकलाय वगैरे मनात आणू नकोस. माझा जीव वरच्या रानात अडकलेला आहे आणि ते रान सरकारी आहे, त्यामुळे ते कोणाच्या नावे करता येत नाही.

कलम २. बँकेत जे असेल तेही नेल्डाचे. जावई रॉइस यास माझा मोठा फ्रीझर द्यावा. पाच वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तो म्हणाला होता, "आई, दुकानातली गोठवलेली टर्की अशीच लागते की, वर दाताखाली छर्रे येत नाहीत." त्या दिवशी त्याने रानटर्की तीनदा वाढून घेतली, हेही येथे नमूद करते. तो माझ्या मुलीला जपतो, म्हणून मी त्याला माफ केले आहे. फ्रीझर मात्र त्यालाच द्यावा.

कलम ३. बिडाचा मोठा तवा शेजारीण मॉडी प्रॉप्स्ट हिला द्यावा. १९६१ साली तिने तो मागून नेला आणि साबणाने घासून, वर्षानुवर्षे मुरलेले तेल घालवून परत आणला. मी तिच्याशी दोन महिने बोलले नाही. पण माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले तेव्हा तीच बाई तीन आठवडे रोज दोनदा चिखल तुडवत थेंब घालायला आली, आणि दर वेळी माझी चूल पेटवून गेली. मॉडी, तुझे उपकार मी बोलून दाखवले नाहीत, ते आज लिहून ठेवते. साबण लावू नकोस.

कलम ४. मला गारलंडच्या शेजारी पुरावे. पण टर्कीच्या हंगामाच्या पहिल्या आठवड्यात मी मेले, तर दफन आठवडाभर पुढे ढकलावे. माणसे येतील, टोप्या काढून उभी राहतील आणि मनाने रानात असतील. मी तरी कोणाच्या दफनाला त्या दिवसांत लक्ष देऊन उभी राहिले आहे?

कलम ५. टर्कीला हाक घालायची, पंखाच्या हाडांची पिपाणी. ही नेल्डाला द्यावी, कारण सातव्या वर्षी ती या पिपाणीवर चुकलेल्या पिल्लाची शीळ अशी काढायची की कोंबड्याही माना वर करायच्या. मी मारलेल्या पहिल्या टर्कीच्या पंखातली तीन हाडे एकमेकांत बसवून गारलंडने ती केली. साल १९३८, आमच्या लग्नाची पहिली पानगळ. पक्षी वजनाला घालायचे ते क्रॉसरोड्सचे दुकान तेव्हाही होते. तिथे एकाने विचारले, "काय गारलंड, बायकोला रानात नेतोस? मग घरी स्वयंपाक काय कुत्री करते?" गारलंड माझ्या पक्ष्याचे वजन लिहून घेत म्हणाला, "तुझ्या पिपाणीला टर्की हसतात, लेका. हिच्या पिपाणीला येतात." त्या एका वाक्यावर मी पंचेचाळीस वर्षे आनंदाने संसार केला. त्या काळात आपल्या बायकोला बरोबरीने रानात नेणारा नवरा मिळणे हे माझे नशीब, आणि त्याबद्दल मी देवाचे रोज आभार मानते.

कलम ६. बिस्किट. वय चार, रंग नावाप्रमाणे, छातीवर पांढरा ठिपका. हे मृत्युपत्र खरे तर या कलमासाठीच लिहायला घेतले. बिस्किट ही आमची जुनी शिकारी कुत्री टिल्डा हिच्या वंशातली शेवटची कुत्री आहे. तिला पिल्ले झाली नाहीत आणि ती भलत्या हाती गेली, तर गारलंडच्या वडिलांपासून चालत आलेले हे रक्त संपेल.

टेट वकील शहरातून आलेले आहेत. त्यांनी विचारले, "टर्कीला कुत्रा कशाला? तो पक्षी पळवून लावणार नाही का?" तर पळवून लावण्यासाठीच असतो, टेटसाहेब. पानगळीत माद्या आणि मोठी झालेली पिल्ले थव्याने ओकची फळे खात हिंडतात. कुत्री गुपचूप थवा शोधते, मध्ये घुसते आणि भुंकून त्यांना दाही दिशांना उधळते. मग आपण तिथेच फांद्या रचून लपायचे, कुत्रीला मानेपर्यंत पोत्यात घालून शेजारी निजवायचे आणि वाट पाहायची. तासाभराने पिल्लांना आईची आठवण येते. आपण पिपाणीवर त्यांच्यासारखी हाक घालायची, की एकेक पक्षी परत येतो. तोवर कुत्रीने शेपटीही हलवायची नाही. चांगल्या कुत्रीला हे सगळे कळते, पण पोते लागतेच, कारण पानांत हलणारी तपकिरी पाठ लांबून टर्कीसारखी दिसते.

आणि एक नियम बायबलसारखा पाळायचा. रानात टर्कीची हाक ऐकू आली, तर त्या दिशेने बंदूक घेऊन चालत जायचे नाही. ती हाक माणसाची असू शकते. आवाजावर चालून जाणाऱ्याबरोबर आमच्याकडे कोणी शिकारीला जात नाही, कधीच नाही.

बिस्किटचा ताबा व मालकी मी माझे धाकटे दीर डॉर्सी हेव्हनर यांना देते. हे वाचून क्रॉसरोड्सच्या दुकानात सगळे तोंडात बोटे घालतील. म्हणून कारण लिहिते.

१९७५ सालच्या हंगामाचा शेवटचा शनिवार होता. गारलंड तापाने अंथरुणात होता, म्हणून मी आणि डॉर्सी दोघेच टिल्डाला घेऊन गेलो. टिल्डाने डोंगराच्या वरच्या धारेवर थवा सुंदर उधळला. ठरले असे, की मी कुत्रीसह उधळल्या जागी बसायचे आणि डॉर्सीने खालच्या नेच्यांशी, कारण काही पक्षी तिकडे उतरले होते. त्या सकाळी सगळे रान दहिवराने भिजलेले होते. ओंडका ओला होता. मी टिल्डाचे पोते घडी करून बुडाखाली घेतले आणि तिला म्हटले, "तू शहाणी आहेस, तशीच पड." थोड्या वेळाने उन्हाचा एक तुकडा खाली दिसला. मला थंडी वाजत होती. मी डॉर्सीला न सांगता साठ पावले खाली, त्याच्या बाजूला सरकले, पोते पुन्हा बुडाखाली घेतले आणि पिपाणी वाजवली. एक पिल्लू नेच्यांतून उत्तर देऊ लागले. टिल्डाला राहवले नाही. ती सरपटत पुढे गेली. डॉर्सीला त्याच्या समोर, जिथे माणूस असायला नको होता तिथे, तपकिरी पाठ दिसली. त्याने बार टाकला.

टिल्डाने माझ्या मांडीवर प्राण सोडला. डॉर्सी धावत आला आणि गुडघ्यांवर बसला. तिला गुंडाळायला काहीतरी हवे होते. मी पोते बुडाखालून काढून दिले. घडी केलेले, बसून चपटे झालेले. त्याने ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मग तिला त्यात गुंडाळून दोन मैल खांद्यावरून खाली आणले.

दुकानासमोर गाडी थांबली तेव्हा अकरा पुरुष बाहेर उभे होते. "काय झालं ओलीटा?" कोणीतरी विचारले. डॉर्सी गाडीच्या मागच्या बाजूला होता. मी तिथली एकटी शिकारी बाई. 'बाईमाणूस, पोत्यावर बसली' हे पुढचा जन्मभर ऐकायचे मला झेपणार नव्हते. मी म्हणाले, "डॉर्सी माझ्या आवाजावर चालत आला."

तो मागे उभा राहून ऐकत होता. त्याने तोंड उघडले नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. त्याच्याबरोबर पुन्हा कोणी रानात गेले नाही. त्याने बंदूक भिंतीवर टांगली ती टांगलीच. गारलंडने सख्ख्या भावाशी बोलणे टाकले, आणि आठ वर्षांनी वारला तोही न बोलताच. दफनाच्या वेळी डॉर्सी फाटकाशी उभा होता. त्या वर्षापासून दर ऑक्टोबरात माझ्या मागच्या ओसरीवर फोडलेल्या ओकची रास लागलेली असते. कोण लावते ते मला ठाऊक आहे. मी आभार न मानता अकरा हिवाळे ती लाकडे जाळली.

ज्याला मी आयुष्यातून उठवले, त्यानेच मला अकरा हिवाळे उबेत ठेवले. त्याचे उपकार फेडण्यासारखे माझ्याकडे या कुत्रीखेरीज काही नाही.

कलम ७. कलम ६ हे टेट वकिलांनी क्रॉसरोड्सच्या दुकानात, वजनकाट्याशी उभे राहून, हंगामातल्या शनिवारी, मोठ्याने वाचावे. खोटे तिथेच बोलले होते.

पुरवणी, तीन दिवसांनी लिहिलेली.

वरचा मजकूर लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आले, की मी मेल्यावर हे वाचले जाणार म्हणजे डॉर्सीच्या नजरेला नजर द्यायचे मी पुन्हा एकदा टाळणार. म्हणून काल कागद घेतला, बिस्किटला पिकअपमध्ये बसवले आणि त्याच्याकडे गेले. त्याने दार उघडून पहिले काय विचारले असेल?

"वहिनी? कोण गेलं?"

"कोणी नाही. अजून मी पण नाही. चष्मा आण आणि हे वाच."

त्याने टेबलाशी बसून कलम ६ दोनदा वाचले. बिस्किट त्याच्या बुटांचा वास घेत होती.

"पोतं मी पाहिलं होतं," तो म्हणाला.

"माहितीये. म्हणून तर तोंड दाखवता येईना."

"पण बार माझा होता, वहिनी. डोकं दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हे मला दादानंच शिकवलं होतं."

"तू तुझ्या जागेवर होतास. सरकले मी."

"हो. सरकलात." त्याने चष्मा काढला. "दुकानातले गेले खड्ड्यात, त्यांचं मला काही नाही. पण दादाला का नाही सांगितलंत? आठ वर्षं तो मला आवाजावर चालून जाणारा समजत राहिला. तसाच गेला."

"धीर झाला नाही रे," एवढेच म्हणाले आणि रडले. त्याने माझी समजूत काढली नाही. काढायला नकोच होती. तो उठून खिडकीपाशी गेला. मग त्याने दोन कप कॉफी ओतली आणि विचारले, "हिला खायला काय घालता?"

"मक्याचा पाव आणि उरलंसुरलं."

"तरीच गोल झालीय. हिला पळवायला हवं."

आज आम्ही दोघे टेट वकिलांच्या ऑफिसात आलो. साक्षीदार म्हणून टायपिस्ट इनेझ कार होतीच, दुसरा हवा होता. डॉर्सी म्हणाला, "मी करतो सही."

टेट म्हणाले, "तुम्हाला करता येणार नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. उद्या कोणी बोट ठेवायला नको. कुत्री घ्या, नाहीतर सही करा."

"मग कुत्री राहू द्या," डॉर्सी म्हणाला. "माझं नाव या गोष्टीत एकदा खोटं घातलं गेलंय. आता खऱ्यात माझ्या हातानं घालू द्या."

टेट वकिलांना त्याचे म्हणणे कळले नाही. मला कळले. मी म्हणाले, "टेटसाहेब, पेन आणा."

त्यावरून मी असे लिहून देते, की कलम ६ मधील कुत्रीची देणगी रद्द केली आहे. बाकीचे कलम अक्षर न् अक्षर कायम आहे. आज, सही करण्याआधी, ऑफिसच्या पायऱ्यांवर मी बिस्किटचा पट्टा डॉर्सीच्या हाती दिला. ती आता त्याची आहे, त्यामुळे मृत्युपत्रात द्यायला उरलेली नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि त्याच्या गाडीत उडी मारून बसली. मला वाईट वाटले, हेही खरे तेच लिहिते. कलम ७ बद्दल डॉर्सी म्हणाला, "राहू द्या ना वहिनी, आता काय." राहू देणार नाही. येत्या शनिवारी दुकानात मी स्वतः वाचणार आहे. त्याआधी मेले तरच टेट वकिलांनी वाचावे.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या समोर सही केली.

(सही) ओलीटा हेव्हनर
मुक्काम टॅनरी रन, व्हर्जिनिया. गुरुवार, २० ऑक्टोबर १९९४

साक्षीदार १. (सही) इनेझ कार. सही माझ्यासमोर झाली. मी रडले, ते टायपिंगमध्ये धरू नये.

साक्षीदार २. (सही) डॉर्सी हेव्हनर. सर्व मजकूर वाचला, तो खरा आहे. बार माझा होता. या कागदाने मला काहीही मिळत नाही. जे हवे होते ते वहिनींनी हयातीत दिले.