पित्त झालंय म्हणून सांगितलं

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. तुझी आठवण म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं: अंजनगावचं आपलं स्वयंपाकघर, पिठाच्या डब्याला टेकवून उभं केलेलं तुझं एम.ए.चं पुस्तक, आणि तव्याकडे न बघता भाकरी उलटणारा तुझा हात. दिवसभर शाळेत शिकवून आलेली असायचीस. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी केंद्रप्रमुख व्हायचंच, असं तू ठरवून टाकलं होतंस. बाबा म्हणायचे, "घडीभर बस तं खरी." पुस्तकातून मान वर न काढता तू म्हणायचीस, "बसाले हाये ना अख्खं म्हातारपण."

दहावीच्या परीक्षेत मला ताप भरला, तेव्हा मी पांघरूण घेऊन पडले होते. तू ते ओढून काढलंस. "ऊठ वं. पेपर का तुयासाठी थांबून राहीन?" मी उठले, पेपर दिला, शाळेत पहिली आले. तू अमरावतीहून माझ्यासाठी टेबललॅम्प आणलास. तो देताना तुझा चेहरा जसा झाला होता, तसा पुन्हा बघायला मिळावा म्हणून मी पुढे काय काय केलं!

मग तू केंद्रप्रमुख झालीस. आपण गल्लीभर पेढे वाटले. आणि काही दिवसांतच एका सकाळी तू उठलीच नाहीस. जागी होतीस, पण भिंतीकडे तोंड करून पडलेली. वेणी सुटलेली, चहा तसाच गार. मी विचारलं, "आई, काय दुखून राहिलं?" तू म्हणालीस, "काईच नाही दुखून राहिलं वं. तेच तं समजून नाही राहिलं मले." मावशी येऊन नजर काढून गेली. बाबांनी शेजारी पित्त झालंय म्हणून सांगितलं. आठवडाभराने तुला एका शाळेची तपासणी करायची होती. त्या सकाळी तू स्टार्चची कडक साडी नेसून निघालीस आणि आम्हाला हायसं वाटलं. त्या आठवड्याचा विषय घरात पुन्हा कोणी काढला नाही.

काही वर्षांनी एका बैठकीत, खुर्चीवर बसल्या बसल्या तू गेलीस. घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काम करता करता गेल्या बाई." मलाही त्याचा अभिमान वाटायचा. अकोल्याला जठारपेठेत मी केमिस्ट्रीचे क्लास काढले, तेव्हा दर नव्या बॅचला तुझी गोष्ट सांगायचे. पहाटेची बॅच, सकाळची, संध्याकाळची, मग अमरावतीला शाखा. रविवारी टेस्ट. जेवण गाडीतच.

गेल्या महिन्यात शिकवता शिकवता खडू तसाच हातात राहिला. फळ्यावर अर्धं समीकरण, समोर मुलं, आणि पुढचं काही सुचेना. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, बसता का थोडं?" मी जिना उतरून गाडीत जाऊन बसले, तर किल्ली कुठे लावायची तेच कळेना. नवरा येऊन घेऊन गेला. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात आधी कोणाला असं झालं होतं का?" मी सवयीने नाही म्हटलं. मग म्हणाले, "आई. भिंतीकडे तोंड करून..." आणि मला रडू फुटलं. आई, मी स्वतःसाठी रडत नव्हते. तुलाही असं कोणीतरी समोर बसवून विचारायला हवं होतं. औषध, थोडी सुटी, आणि "बाई, आता पुरे" म्हणणारं एक माणूस. एवढंच मिळालं असतं, तर कदाचित आज तू मला रागवायला असतीस.

अमरावतीची शाखा मी बंद केली. पहाटेची बॅचही. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून दुपारी झोपते. हे सगळं लिहिलं, तरी पाठवायला पत्ता नाही, ते मलाही माहीत आहे.

एक मात्र सांगते. दुपारी पडलेली असताना फाटक वाजलं, की मी दचकून उठते, केस सारखे करते, हाताला लागेल ते पुस्तक उघडते. तूच आलीस, असं वाटतं. कुरिअरवाला असतो, नाहीतर दूधवाला. मग पुन्हा आडवं व्हायला मन होत नाही. तू नाहीस आणि अंगावरचं पांघरूण ओढून काढायला कोणी नाही, हेच मला अजून सहन होत नाही.