भिंतीआडचा प्रसाद

सुखवंत चाचीला, सत श्री अकाल.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तू ते गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यावरून अख्ख्या गावाला वाचून दाखवशील, आणि आई माझी कबड्डी बंद करेल.

तुझा लेक चिट्ट्याच्या, त्या पांढऱ्या पावडरीच्या, नशेपायी जिवानिशी गेला, तेव्हापासून तू शाळाशाळांतून बोलत फिरतेस. आमच्याकडे आलीस तेव्हा आम्ही मागे बसून खुसखुसत होतो. तू भाषण केलंच नाहीस. म्हणालीस, "प्रसाद कसा घेता, दाखवा बरं!" सगळ्या वर्गाच्या ओंजळी पुढे आल्या.

"असा! दोन्ही हातांनी, चारचौघांत. भिंतीआड नेऊन कुणी हातावर काही ठेवलं, तर तो प्रसाद नव्हे. खुशाल नाही म्हणा, पाप लागत नाही."

काल सरावानंतर आमच्या संघातल्या जसमीतने मला पाण्याच्या टाकीमागे नेलं. पुडी काढून म्हणाली, "घे गं, गुडघ्याचं दुखणं विसरशील. पहिला प्रसाद फुकट असतो."

तो शब्द ऐकला आणि माझे दोन्ही हात आपोआप पुढे झाले, चाची! लहानपणापासूनची सवय. पण स्वतःची ओंजळ दिसली आणि तू आठवलीस. आजूबाजूला पाहिलं, तर चारचौघं सोड, कुत्रंसुद्धा नव्हतं.

म्हटलं, "प्रसाद आहे ना? मग चल मैदानात, सगळ्यांना वाट."

पुडी मुठीत दाबून ती रडायलाच लागली. म्हणाली, "मलाही पहिला असाच फुकट दिला होता गं."

उद्या तिला तुझ्याकडे आणतेय. तुझे आभार मला तोंडाने मानता यायचे नाहीत. तू काही विचारू नयेस, आधी तुपाचा शिरा करावास. आम्ही दोघी ओंजळ धरू.

तुझीच,
हरनूर