मधलाच भाग विकला

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलं आज. तीन भागांच्या त्या ड्रॅगनच्या कादंबरीतला मधलाच भाग यांनी विकून टाकला! मी जेवायला घरी गेली तेवढ्यात.

"अहो, काऊन विकला?"

"फोटो स्टुडिओवाल्याले टेबलावर मांडाले पायजे होता. तुयं भुताखेताचं एक तरी खपलं ना!"

भुताखेताचं म्हणे! पुस्तकांचं दुकान दोघांचं, पण यांची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं तेवढी खरी. मी मागवते त्या विज्ञानकथा, अद्भुतकथा म्हणजे भुताखेताच्या.

अन् नेमक्या आजच इंद्रवेल्लीच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. पहिला भाग वाचून झाला म्हणून दुसरा न्यायला सुटी काढून, बसनं. मी स्टुडिओकडं पळत गेली, तर कुलूप. मधला भाग काचेआड, प्लास्टिकच्या फुलांजवळ ठेवलेला. वाचायला नाही, मांडायला!

परत येऊन म्हटलं, "बसा बाई, मधली गोष्ट मीच सांगते. मग तिसरा भाग घेऊन जा."

दोन वाक्यं ऐकली अन् बाई उठल्याच. "नका सांगू ताई. त्या गोष्टीतल्या पोरीचं पुढं काय होते, ते मलेच वाचाचं हाय. तुमी मागवा. मी थांबतो."

असं गिऱ्हाईक कुठं भेटते?

बाई गेल्या. हे गल्ल्यावर बसून सगळं ऐकून राह्यले होते. हळूच म्हणतात, "काय होते वं त्या पोरीचं?"

पहिल्या भागाची एक प्रत उरली होती, ती यांच्यापुढं आपटली.