शेवटच्या गाण्यातली मारामारी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेपरातला फोटो पाहून धसका घेतला असशील, म्हणून आधी तेच सांगतो. हाडबिड मोडलेलं नाही, कपाळाला पाच टाके आहेत. ज्याने घातले त्याने गोणी शिवावी तसे घातले. तुझ्या वॉर्डात असतं तर तू त्याच्या हातातून सुई काढून घेतली असतीस.

झालं असं, की शेवटच्या गाण्यात आमचा गायक भोंगा शब्द विसरला आणि काडी, म्हणजे आमचा गिटारवाला, फिस्सकन हसला. भोंग्याने माइकचा दांडा त्याच्यावर फेकला. काडी वाकला आणि दांडा बसला मला. मी ड्रम ओलांडून गेलो आणि भोंग्याच्या थोबाडीत ठेवून दिली. त्यानेही सोडलं नाही. ताई, तीन वर्षं आम्ही रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवलं, आणि त्या दिवशी अख्खा हॉल खुर्च्यांवर उभा राहून ओरडत होता. आठवड्यात दुकानांतून आमची रेकॉर्ड संपली. आता मॅनेजरचं म्हणणं, की शेवटच्या गाण्यात रोज मारामारी हवी, लुटुपुटीची. कुणी कुणाला कुठे मारायचं, ते त्याने कागदावर काढून दिलंय.

आईला सांग, दाराची चौकट लागली. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आईने चौकटीवर विश्वास ठेवला नाही. फोटोतल्या तुझ्या गालाकडे पाहून एवढंच म्हणाली, की चौकटीला पाच बोटं असतात हे तिला ठाऊक नव्हतं. तुमची रेकॉर्ड ती कानात कापूस घालून ऐकते, पण शेजारणींना ऐकू जावी म्हणून दार सताड उघडं ठेवते.

आता माझं ऐक. अपघात वॉर्डात मला अकरा वर्षं झाली. परवाच दोन मित्र आणले होते, चेष्टेत ढकलाढकली करत होते म्हणे. एकाची प्लीहा फाटली. दुसरा बाकावर बसून सगळ्यांना सांगत होता, की आम्ही खेळत होतो. बाबाही आधी गमतीतच टपली मारायचे, आठवतं? मग आपण दोघं पलंगाखाली. तुझा हात त्यांच्या वळणावर गेलाय, हे मी कधी बोलले नाही. आज लिहिते.

तो कागद फाडून टाक आणि नुसतं वाजव. चांगलं वाजवतोस.

तुझी,
ताई

११ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण देण्यासारखं नव्हतं. कागद केव्हाच मागे पडला होता. मार्चमध्ये गाडीत, बघायला कुणी नसताना, भोंग्याने काडीची दोन बोटं दारात चिरडली. काडी गेला, दुसरा आला, मैदानं आणखी भरली. मीही रोज जरा जोरात मारायला लागलो. खरं सांगतो, बरं वाटायचं.

परवा भोंग्याने माझा गळा धरला आणि सोडेना. डोळ्यांपुढे काळोखी आली. तेवढ्यात गर्दीतून एक माणूस वर चढला आणि त्याने आम्हा दोघांत हात घातला. मी झांजेचा लोखंडी स्टँड उचलून घातला. भोंग्याला नाही, त्या माणसाला. कोण आहे ते पाहिलंसुद्धा नाही. लोक टाळ्या वाजवत होते. तो गुडघ्यावर बसला तेव्हा त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं. डावा डोळा गेला, ताई. बस दुरुस्त करणारा मेकॅनिक आहे, माझ्याच वयाचा.

झटापटीत कुणी मारलं ते खालून कुणाला नीट दिसलं नव्हतं, म्हणून मॅनेजरने पोलिसांना सांगितलं, की हे पैलवानाने केलं. पैलवान म्हणजे आमचा रखवालदार. रोज माझ्या मनगटाला पट्टी बांधतो, दोन मुलींचा बाप आहे. त्याला धरून नेलंय. मॅनेजर म्हणतो, की मी तोंड उघडलं तर बँड संपला. तिसाव्या तारखेच्या कार्यक्रमाला जागा उरलेली नाही.

मी काय करू?

धाकटा

१५ मे

धाकट्यास,

आशीर्वाद आज लिहवत नाही.

काय करू म्हणून विचारतोस? ते तुला ठाऊक आहे. म्हणून तर पत्र लिहिलंस, नाहीतर माझ्यापासूनही लपवलं असतंस. फुटलेला डोळा मी धुतलाय. माणूस ओरडत नाही, दिवा लावा म्हणतो. त्यानेही म्हटलं असेल.

आणि माझंही पाप सांगते. टाक्यांचा तुझा तो फोटो मी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. वॉर्डातल्या पोरींना दाखवायचे, माझा भाऊ म्हणून. आज खरवडून काढला.

पैलवानाच्या मुली रोज दाराकडे बघत असतील. उशीर करू नकोस. आईला मी काही सांगणार नाही, ते तुझं तू सांग.

ताई

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोठडीतून लिहितोय. आईलाही वेगळं पत्र टाकलंय.

भर मैदानातच सांगायचं ठरवलं, म्हणजे मागे फिरता येणार नाही. तिसाव्या तारखेला शेवटच्या गाण्याआधी काठ्या खाली ठेवल्या, माइक घेतला आणि सांगितलं, की त्या माणसाला मी मारलं. लोक हसले, टाळ्या पडल्या. त्यांना तोही खेळच वाटला. भोंग्याने माइक हिसकावला आणि तोच माझ्या तोंडावर हाणला, दोनदा. दात पडला. मी हात उचलला नाही. मग मात्र लोक चिडले, मार म्हणून ओरडायला लागले, बाटल्या आल्या. मी उतरलो आणि तसाच चालत चौकीत गेलो. तिथल्या हवालदाराला वाटलं, की मीच मार खाल्ल्याची तक्रार द्यायला आलोय.

पैलवान दुसऱ्या दिवशी सुटला. जाताना त्याने सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली एक वाजवली आणि घरी गेला. बँड मोडला.

काल ओळख पटवायला मला इस्पितळात नेलं. मी माफी मागितली. मेकॅनिकने ती घेतलीही नाही, टाकलीही नाही. म्हणाला, की भोंगा तुला जिवे मारील असं वाटलं म्हणून मी वर चढलो. मग त्याने विचारलं, की ते सगळं खोटं होतं का, मी उगाच वर आलो का. मारामारी लुटुपुटीची होती असं लोक म्हणतात, ते त्याच्या कानावर आलं असणार. मी सांगितलं, की उगाच नाही. त्या वेळी भोंगा मला खरंच मारत होता, आणि माझा जीव वाचला तो त्याच्यामुळे. त्याने माझ्या आवाजाकडे मान वळवली. मग म्हणाला, की तिकडे बसू नकोस, त्या बाजूने तू दिसत नाहीस.

मी उठलो आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो.

सुनावणी बावीस तारखेला आहे. यावंसं वाटलं तरच ये.

तुझा,
धाकटा