दुपारचं पाणी

चेन्नई,
२३ एप्रिल २०२५

आदरणीय अप्पाजींना साष्टांग नमस्कार.

तंजावरला ऊन वाढलं असेल. कनकाअक्कांचे गुडघे कसे आहेत? इथे अर्चना बरी आहे. अथर्वचं कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू आहे. पोंगलला आलेल्या तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही. कामं होती, असं लिहिणार होतो. कामं नव्हती.

मंगळवारी सकाळी देवासमोर दिवा लावला, डबा घेतला आणि ऑफिसच्या बसमध्ये न चढता इथून तासाभरावरच्या कोवळमला गेलो. अरुण होडीशेजारी जाळं विणत बसला होता. त्याला म्हटलं, यंत्रांपाशी जाऊ या, आणि आज संध्याकाळपर्यंत थांबू या.

"दुपारी?" तो हसायलाच लागला. "सार, सहा वर्षं तुम्ही पहाटे पाचला येता, नऊला उलटी करता, अकराला परत. आज सूर्य पश्चिमेला उगवला काय?" मग दोर सोडता सोडता म्हणाला, "अप्पाजी सार म्हणून म्हणून थकले, एकदा दुपारी चला. तेव्हा तुम्हाला जेवणाची घाई."

मी होडीत चढलो.

तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण मी ते आजवर कुठेच लिहिलं नाही. तळाशी आपली सात यंत्रं आहेत. मोठ्या लाटेची चाहूल लागली की ती एकमेकांना हाक देतात, शेवटची हाक वरच्या तरंगत्या पेटीला जाते, आणि किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये भोंगा वाजतो. पाण्यात रेडिओ चालत नाही, म्हणून सगळा भरवसा आवाजावर. आमच्या गावी शाळेमागच्या विहिरीत हाक मारली की चार हाका परत यायच्या. समुद्राने पहिली दोन वर्षं आपल्याला तसंच चकवलं. पडसाद वेगळे काढायला आपण शिकलो. यंत्रांवर शिंपले चढले, ते तुम्ही हाताने खरवडलेत. ट्रॉलरने दोर तोडले, ते पुन्हा बांधलेत.

मंगळवारी अकरापर्यंत सातही हाका स्वच्छ आल्या. एक वाजता दोन गळल्या. अडीचला पेटीपर्यंत एकही पोहोचली नाही. समुद्र काचेसारखा शांत होता, वारा नव्हता. तापमापी सोडला. वरचं पाणी तापलं होतं, खालचं गार. तुम्ही म्हणायचात तसंच. वरचं पाणी तापलं की आवाज खाली वाकतो, वर येतच नाही. आपल्या सगळ्या चाचण्या सकाळच्या होत्या, कारण होडी सकाळी जाते. त्याच चाचण्यांवर माझी सही आहे, आणि एक मेपासून भोंगे चालू व्हायचे होते.

इथवर लिहून कालचा कागद बाजूला ठेवला होता. पुढचं लिहायला आज, चोवीस तारखेला, बसलो.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तीन यंत्रं दुपारी मुकी झाली होती. साहेबांना संध्याकाळपर्यंत कारण हवं होतं. अहवालात लिहिलं गेलं, 'तंत्रज्ञाच्या ढिलाईमुळे यंत्रांच्या पेट्यांत पाणी शिरले.' तंत्रज्ञ म्हणजे तुम्ही. निवृत्तीला चार महिने असताना तुम्हाला समुद्रावरून काढून भांडारात बसवलं. निरोपाचा चहासुद्धा झाला नाही. पोंगलच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, 'साहेबांनी काय लिहावयाचें तें लिहिलें, तुम्ही मात्र माझे बाजूस होतां.'

अप्पाजी, ती ओळ साहेबांची नाही. मी लिहिली. त्याआधी त्यातली एक पेटी मी एकट्याने उघडून पाहिली होती. आत ठणठणीत कोरडं होतं. रबरी कड्याला तुम्ही लावलेलं ग्रीस तसंच होतं. पेटी बंद केली आणि लिहायला बसलो. दुपारचं कारण लिहिलं असतं तर चार वर्षांचं काम पुन्हा मांडावं लागलं असतं.

त्यानंतरचा प्रत्येक अहवाल त्या ओळीवर उभा राहिला. मला बढती मिळाली, खिडकी नसलेली खोली मिळाली. रोज तीच बस, तीच खोली, आणि कुणी 'दुपारी' म्हटलं की मी विषय बदलतो. देवासमोर हात जोडतो, पण काही मागायला तोंड उघडत नाही. काल अर्चनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "क्वार्टर सोडावं लागेल. लागू दे. पण आधी अप्पाजींना कळवा, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

तिचं तेवढं ऐकलं नाही. आधी ऑफिसात गेलो. नुसता पश्चात्ताप तुमच्याकडे पाठवायचा नव्हता.

आज सकाळी साहेबांपुढे पत्र ठेवलं. मंगळवारच्या नोंदी, कोरड्या पेटीची हकिगत, आणि कडक उन्हाच्या शांत दुपारी हे भोंगे भरवशाचे नाहीत हे स्पष्ट शब्दांत.

"दिनानाथ, तुम्ही स्वतःचीच सही खोटी म्हणताय. कळतंय ना?"

"हो साहेब. खोटीच होती."

त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. "घरी जा. सोमवारी बोलू."

सोमवारपर्यंत मी माझा राहिलो नसतो. खाली आवक विभागात गेलो, पत्र दाखल केलं, पोचेवर शिक्का घेतला. एक प्रत मंत्रालयाला रजिस्टरने पाठवली, एक वाड्यांच्या पंचायतीला हातोहात दिली. चौथी या पाकिटात आहे. तिच्यातला दुसरा परिच्छेद तुमच्याविषयी आहे.

खाली 'आपला' लिहायचा हक्क उरलाय का, ठाऊक नाही. म्हणून नुसतं नाव लिहितो.

दिनानाथ