पोह्यांना हात न लावणारे साहेब

बाबा, परवा तुम्ही हवे होतात. घोटाळा आणखी वाढवला असता, तरी हवे होतात.

जानेफळच्या प्रशिक्षण केंद्रात मी आता विहिरीवरच्या मोटारी भरायला, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायला शिकवते. जळालेल्या मोटारींना आपल्याकडे तोटा नाही, भरणारे हातच कमी. परवा संभाजीनगरच्या एका कंपनीचे साहेब मुलाखती घ्यायला आले होते. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी सुलतानपूरची. ही नोकरी लागली नाही तर उन्हाळ्यात तिचं लग्न उरकायचं, असं घरी ठरलेलं. घरचं कोणी आणू नका, असं मी दहादा बजावलं होतं. ती आली ती आई, वडील आणि मामाला घेऊन, वर डबाभर पोहे. पोरीला पाहायला कोणी येणार म्हटल्यावर पोहे नकोत का? मला माझा आयटीआयचा प्रवेश आठवला. तुम्ही प्राचार्यांसमोर टोपी मांडीवर घेऊन बसलाय आणि विचारताय, "साहेब, तुमचं गाव कोनतं? शेती किती?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालंय, आणि प्राचार्य मुकाट्यानं सांगतायत, "कोरडवाहू हाय, भाऊ."

साहेबांनी मुलीला मोटार खोलायला लावली. तिनं खोलली, बिघाड दाखवला. साहेब खूश. मग आईनं पोह्यांची बशी पुढं केली. साहेबांनी सकाळीच शेगावला कचोऱ्यांवर ताव मारलेला. पोटावर हात ठेवून त्यांनी बशी बाजूला सारली. झालं! पोह्यांना हात लावला नाही, म्हणजे पोरगी नापसंत. वडील ताडकन उठले.

"चाल वं पोरी. त्यायले तू पसंत नाई, त आपल्यालेबी कंपनी पसंत नाई."

"काका, बसा ना जरा."

"काऊन बसू? माही पोरगी काय रस्त्यावर पडली हाय?"

सगळं वऱ्हाड दाराबाहेर! पोरगी मागं वळून वळून माझ्याकडं बघतेय, डोळ्यांत पाणी. साहेब मला विचारतात, "मॅडम, यांना नोकरी नकोय का?"

मी बशी साहेबांच्या हातात कोंबली आणि त्यांना वडिलांच्या मागं बाहेर नेलं. म्हटलं, आधी खा, मग सांगते. भर अंगणात, उभ्यानं, कण्हत कण्हत साहेबांनी बशी रिकामी केली. शेवटचा घास उतरेपर्यंत वडील बघत राहिले. मग म्हणाले, "हाव, आता बोला. पोरीयचं होस्टेल कसं हाय? रातपाळीले गाडी येते का दारापर्यंत?" साहेबांनी गाडी कबूल केली तेव्हा कुठं त्यांनी मान हलवली. पोरगी सोमवारी रुजू होतेय.

पुढच्या वेळी पालकांना फाटकाबाहेरच थांबवा, असं वरून सांगणं आलंय. मी हो म्हटलं. बाबा, हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून खरं लिहून टाकते. मी कोणाला थांबवणार नाही. एखादीचा बाप असा तिच्यासाठी भांडायला उठला, की मला तुम्ही घटकाभर परत मिळता.